डाव्या काठावरच्या बोपचे बाई

बोपचे बाई यंदाच्या श्रावणात, एका सोमवारी पहाटे, बपेऱ्याला राहत्या घरी वारल्या. अंत्यविधी त्या दिवशी झाला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा निशांत फ्रान्समध्ये राहतो. तो येतो म्हणाला तर थांबायचे, असे बाईंनी स्वतःच सांगून ठेवले होते. तो येतो म्हणाला होता.

गावात या निरोपाची चर्चा झाली. काही वर्षांपूर्वी याच घरात बाईंचे यजमान झनकलाल बोपचे वारले, तेव्हाही निशांत येतो म्हणाला होता. तुमसरहून बर्फाच्या लाद्या आणल्या. प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी निशांतचा फोन आला. त्याची तिथली राहण्याची कागदपत्रे नूतनीकरणाला दिलेली होती, देश सोडला असता तर परत घेतले नसते, आणि विमानतळापर्यंत जाऊन तो माघारी फिरला होता. अग्नी पुतण्याने दिला. त्या दिवसापासून बाई मुलाशी बोलायच्या बंद झाल्या.

"येत नाही म्हणाला असता तर काही नव्हतं," असे त्या सांगत. "थांबा म्हणाला. त्याच्या बापाले आयुष्यात कोणी थांबवलं नव्हतं, ते बर्फावर थांबले."

बपेरा हे तुमसर तालुक्यातले शेवटचे गाव म्हणता येईल. पुढे बावनथडी नदी आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. बाई भूगोल शिकवत. आमच्या शाळेत त्या आल्या तेव्हा तरुण होत्या आणि निवृत्त झाल्या तेव्हाही त्यांची चाल तीच होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात खडूऐवजी बहुतेक वेळा बांबूची छडी. छडी मुलांसाठी नव्हती, नकाशासाठी होती. नकाशावर नदी दाखवताना त्या उगमापासून मुखापर्यंत छडी न उचलता नेत. मध्ये कोणी शिंकले तर पुन्हा उगमापासून सुरुवात.

नदीचा डावा आणि उजवा काठ ठरवण्याचा नियम त्यांनी आम्हाला पाचवीतच शिकवला. पाणी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहायचे. डाव्या हाताचा तो डावा काठ. हा नियम त्यांनी वर्गालाही लावला होता. फळ्याकडे पाणी वाहते असे धरायचे. मग मुली डाव्या काठावर, मुले उजव्या काठावर आणि मधली मोकळी जागा ही नदी. उशिरा येणाऱ्याला त्या म्हणत, "नदीत उभा राहू नको, काठावर बस." शिक्षा म्हणजे थोडा वेळ नदीत उभे राहणे. घरीही हेच चाले. त्यांच्या स्वयंपाकघरात डाव्या काठाचे डबे आणि उजव्या काठाचे डबे होते. झनकलालजींना मीठ सापडत नसे तेव्हा ते ओसरीवरून विचारत, "मास्तरीण, मीठ कोणत्या काठाले आहे व?"

वर्गात बाई छापील मराठी बोलत. वर्गाच्या दाराबाहेर पाऊल पडले की आमच्या भागातली झाडीबोली. हा बदल उंबरठ्यावरच होई. एखादे वाक्य आत सुरू होऊन बाहेर संपले तर त्याची क्रियापदे दोन तऱ्हांची असत.

नदीकाठच्या शहरांचा धडा त्या वर्गात शिकवत नसत. तो नदीवर. पुलापासून घाटापर्यंत काठाकाठाने चालायचे आणि चालता चालता त्या लंडन, पॅरिस, कैरो सांगत. "काठ उभं राहून पाहाची वस्तू नोहे, चालाची वस्तू आहे," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. एकदा एका मुलीने विचारले, "बाई, तुमी पॅरिस पाह्यलं काय?" बाई म्हणाल्या, "मी नागपूर पाह्यलं. तिथली नदी नाल्यासारखी आहे. पुढं चल."

निशांत त्या धड्याला आमच्या मागच्या वर्गात होता. आईला शाळेत 'बाई' म्हणायचे आणि घरी 'माय', हे त्याला बरेच दिवस जमत नव्हते. पुढे तो नागपूरला, मग पुण्याला आणि तिथून फ्रान्सला गेला. ओसेर नावाच्या गावात तो राहतो. पॅरिसपासून आगगाडीने जाता येते. गाव जुने आहे आणि योन नदीच्या काठावर आहे. त्याची बायको क्लेअर तिथलीच. बपेऱ्यात तिचे नाव किलेर. त्यांना लीला नावाची मुलगी आहे.

बाईंनी मुलाशी अबोला धरला, पण क्लेअरशी आणि लीलाशी नाही. दर रविवारी क्लेअर व्हिडिओ फोन लावी. बाई फोन भांड्यांच्या मांडणीला टेकवून ठेवत आणि तांदूळ निवडत बोलत. क्लेअरला मराठी येत नव्हती, बाईंना फ्रेंच येत नव्हती. निशांत मागे उभा राहून दोन्हीकडचे बोलणे सांगे. म्हणजे बाई जे बोलत ते त्याच्याच तोंडून क्लेअरला जाई.

"किलेर, याले सांग, कान दिसून नाही राहिले, केस काप."

निशांत हे फ्रेंचमध्ये सांगे. क्लेअर हसे. मग निशांत मराठीत म्हणे, "ती म्हणते, सांगते."

अशी काही वर्षे गेली. मग एका वर्षी क्लेअरने निमंत्रण दिले आणि बाईंनी होकार दिला. नातीसाठी जाते, असे त्यांनी गावात सांगितले. जाऊबाई भागरताबाई शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी विचारले, "पोराशी बोलशीन काय तिथं?"

"नदी पाहाले जाऊन राहिली मी," बाई म्हणाल्या.

पुढचा मजकूर तिघांकडून मिळालेला आहे. बाईंनी परत आल्यावर सांगितले, निशांतने फोनवर सांगितले आणि क्लेअरने काढलेले काही व्हिडिओ आहेत. जिथे तिघांचे जुळत नाही तिथे तसे लिहिले आहे.

निशांतचे घर ओसेरच्या डाव्या काठावर, जुन्या नावाड्यांच्या वस्तीत आहे. नदी घरापासून इतकी जवळ की पहिल्याच सकाळी बाई एकट्या बाहेर पडल्या आणि कोणाला विचारावे लागले नाही. आधी त्यांनी पाणी कुठे वाहते ते पाहिले. तिकडे तोंड केले. गाव डाव्या हाताला आहे याची खात्री करून घेतली आणि चालायला लागल्या. अंगात निशांतचा स्वेटर, वर साडी, पायात क्लेअरचे बूट.

तिथे नदीच्या कडेने दगडी धक्के बांधलेले आहेत. धक्का आणि घाट यांतला फरक बाईंनी नंतर आम्हाला नीट समजावला. घाट पाण्यात उतरतो. धक्का पाण्याच्या बाजूने चालत राहतो. घाटावर माणूस नदीकडे जातो, धक्क्यावर नदीबरोबर जातो. ओसेरच्या धक्क्याला मधूनमधून दगडी पायऱ्या आहेत, त्या पाण्यापर्यंत उतरतात. दगडात लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत. त्यांना नावा बांधतात. नावा लांब, सपाट तळाच्या. काहींच्या टपावर फुलांच्या कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे. लोक नावेतच राहतात. वर चढावर गाव, दगडी घरे आणि सगळ्यांच्या वर मोठ्या चर्चचा मनोरा. वारा नसेल तेव्हा तो मनोरा पाण्यात उलटा दिसे. बाई एका पुलापासून निघत, पायी जाणाऱ्यांच्या अरुंद पुलावरून उजव्या काठावर जात, तिथून समोरचे गाव पाहत परत येत. उजव्या काठावरून डावा काठ चांगला दिसतो, हे त्यांचे निरीक्षण.

वस्तीतल्या छोट्या चौकात नावाड्यांच्या संताची मूर्ती आहे. ती कोणाची हे क्लेअरने खुणेने सांगितले. वल्हे मारून दाखवले आणि हात जोडले. तेव्हापासून बाई तिथे थांबून नमस्कार करत. "ढिवरांचा देव आहे," त्या सांगत; ढिवर म्हणजे आमच्याकडचे नावाडी, मासेमार. पूर्वी वरच्या जंगलातले लाकूड या नदीतून तरंगत पॅरिसपर्यंत जात असे, हे कळल्यावर त्यांनी त्या रविवारी भागरताबाईंना मुद्दाम फोन लावून सांगितले. भागरताबाईंनी विचारले, "मंग चोरत नव्हते काय मंधात?"

धक्क्यावर त्यांची एका माणसाशी ओळख झाली. एका नावेत राहणारा म्हातारा. डोक्यावर टोपी, तोंडात विझलेला पाइप. पहिल्या दिवशी बाईंनी त्याच्या नावेकडे बोट दाखवून सांगितले, "डोंगा." आमच्याकडे होडीला डोंगा म्हणतात. त्याने नकारार्थी मान हलवून त्याच्या भाषेतला शब्द सांगितला, "पेनिश." बाईंनीही मान हलवली. "डोंगा." दुसऱ्या दिवशी त्या दिसताच तो टपावरून ओरडला, "डोंगा!" बाईंनी उत्तर दिले, "पेनिश!" त्यानंतर दोघांचे बोलणे रोज एवढेच होई आणि दोघांचेही त्यावर भागत असे.

बाईंना तिथे एक गोष्ट खटकली. नदीत कोणी उतरत नव्हते. कपडे नाहीत, म्हशी नाहीत, आंघोळ नाही, दिवा सोडणे नाही. "इतका सुरेख काठ अन् नदीले कोणी हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याच्या घरी बसल्यासारखे बसतात सारे."

घरात मात्र अबोला कायम होता. आता मायलेक एकाच टेबलावर जेवत. "किलेर, याले सांग, भात कच्चा आहे." क्लेअर निशांतकडे पाही. निशांत फ्रेंचमध्ये सांगे, भात मीच केला होता. ते क्लेअर खुणेने बाईंना सांगे. बाई म्हणत, "दिसूनच राहिलं."

श्रावण लागला तेव्हा बाईंनी गहू मागितले. आमच्या भागात श्रावणात गव्हाची भुजली पेरतात. टोपलीत किंवा भांड्यात माती घेऊन गहू पेरायचे आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. उजेड लागू द्यायचा नाही. अंधारात कोंब लांब आणि पिवळेधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया ती भांडी डोक्यावर घेऊन गाणी म्हणत नदीवर जातात. माती पाण्यात सोडतात, मुळे धुतात आणि कोंब घरी आणतात. मग गावभर भुजली देणे सुरू होते. मोठ्याने लहानाच्या कानामागे कोंब खोचायचा, लहानाने पाया पडायचे. समोर आलेल्या कोणालाही भुजली नाकारता येत नाही. ज्यांचे वर्षभर बोलणे नसते तेही त्या दिवशी एकमेकांसमोर येतात, कारण त्या दिवशी आले नाही तर वैर जाहीर झाले असे धरतात.

बाईंनी क्लेअरच्या स्टीलच्या पातेल्यात गहू पेरले आणि पातेले कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, ठेवले. आठ दिवसांनी कपाट उघडले तर पातेले नव्हते. ते खिडकीत होते. क्लेअरला कपाटात रोप सापडले. सासूबाई विसरल्या असे समजून तिने ते उन्हात ठेवले आणि पाणीही घातले. कोंब हिरवेगार झाले होते.

"हे काय केलं व किलेर?"

निशांत मध्ये पडला. "माय, तिला माहीत नव्हतं. झाड उन्हाशिवाय मरते म्हणते."

"किलेर, याले सांग," बाई म्हणाल्या, "भुजली झाड नोहे."

दुसरी पेरायला दिवस उरले नव्हते. राखीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई हिरव्या भुजलीचे पातेले डोक्यावर घेऊन निघाल्या. डोक्यावर पदर. गाणे म्हणायला कोणी नव्हते म्हणून त्यांनी एकटीने म्हटले. व्हिडिओत ते ऐकू येते. मागे क्लेअर, लीलाचा हात धरून. निशांत बराच मागे. धक्क्यावर फिरायला आलेली माणसे बाजूला झाली. एका बाईने कुत्र्याला जवळ ओढून घेतले.

बाई दगडी पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. माती सोडली. कोंब धुतले. म्हातारा नावेच्या टपावर उभा होता. बाईंनी हाताने बोलावले तसा तो उतरून आला, टोपी काढली आणि बाईंनी त्याच्या कानामागे भुजली खोचली. मग लीलाच्या. मग क्लेअरच्या. क्लेअर वाकली तेव्हा फोन तिच्या हातात होता, त्यामुळे व्हिडिओत काही वेळ नुसते दगड दिसतात.

निशांत वर धक्क्यावर उभा होता. बाईंच्या हातात एक जुडी उरली होती. त्या वर पाहत नव्हत्या. निशांतने बूट काढले, मोजे काढले आणि पायऱ्या उतरला. तो वाकला. बाईंनी त्याच्या कानाजवळ हात नेला आणि हात तिथेच थांबला.

पुढे काय बोलणे झाले याची दोन रूपे आहेत. बाई म्हणत, "मी फक्त जीता राह म्हणाली." निशांतने सांगितलेले असे: माय म्हणाली, "केस कायले वाढवले एवढे? कान सापडून नाही राहिला." व्हिडिओत नेमके त्याच वेळी एक नाव इंजिन सुरू करून जाते, आवाज येत नाही. बाईंचे ओठ मात्र दोन शब्दांपेक्षा जास्त हलताना दिसतात.

त्या रात्री जेवताना बाईंनी 'किलेर, याले सांग' म्हटले नाही. भात चांगला झाला आहे, असे त्यांनी थेट निशांतला सांगितले. यावर तिघांचे एकमत आहे.

बाई परत आल्या त्या चालायची सवय घेऊन. रोज सकाळी पुलापासून घाटापर्यंत काठाकाठाने. काटेरी झुडपे होती ती त्यांनी ग्रामपंचायतीच्या मागे लागून तोडून घेतली. मग आणखी काही बाया यायला लागल्या. गावात त्या फिरण्याला नाव पडले फ्रान्स. "कुठं चाललीस व?" "फ्रान्सले जाऊन येतो." भागरताबाई गुडघे दुखतात म्हणत, तरी घाटावर जाऊन बसत आणि परतणाऱ्यांना विचारत, "भेटला काय डोंगेवाला?"

दर श्रावणात दोन्ही घरी भुजली पेरली जाई. बपेऱ्यात अंधाऱ्या खोलीत, ओसेरात खिडकीत. कपाट असूनही लीलाने खिडकीच धरून ठेवली होती. रविवारच्या फोनवर दोन्ही भांडी समोरासमोर धरायची. इकडे पिवळी, तिकडे हिरवी.

"हे गवत होय," बाई म्हणत. "बैलाले टाक."

"आजी, तुझी आजारी आहे," लीला म्हणे. तेवढी मराठी तिला येत होती.

गेल्या वर्षी बाईंच्या छातीत दुखायला लागले. भंडाऱ्याला दाखवले. तिथून आल्यावर त्यांनी भागरताबाईंना बोलावून निरोप सांगितला. भागरताबाईंनी तो मला जसाच्या तसा सांगितला: "निशांतले फोन करजा. येतो म्हणाला तर थांबजा. नाही म्हणाला तर थांबू नोको. पण विचारल्याशिवाय उचलू नोको."

"अन् येतो म्हणून मांगच्यासारखा नाही आला तं?" भागरताबाईंनी विचारले होते.

"मंग बर्फ जास्त लागंन," बाई म्हणाल्या.

सोमवारी बर्फ लागला नाही. आता तुमसरला शीतपेटी भाड्याने मिळते. ती ओसरीत ठेवली होती. मी भंडाऱ्याहून पोचलो तेव्हा अंगणात माणसे होती आणि बोलणे त्याच एका गोष्टीवर होते. निशांतचा सकाळचा फोन झाला, त्यानंतर त्याचा फोन बंद होता. विमानात असेल, असे पुतण्या म्हणाला. "मांगंही विमानतळावरच होता," कोणीतरी म्हणाले. भागरताबाई शीतपेटीजवळून उठल्या नाहीत. राखी जवळ आली होती. बाईंनी पेरलेली भुजली आतल्या खोलीत होती. सुतकात ती नदीवर जाणार नव्हती.

मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांनी बांबू आणून ठेवले. दुपार झाली तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी पुतण्याला बाजूला घेतले. पाऊस धरला आहे, लाकडे भिजतील, आणखी किती थांबणार, असे त्यांचे म्हणणे होते. पुतण्याने भागरताबाईंकडे पाहिले.

"विचारलं आहे," त्या म्हणाल्या. "येतो म्हणाला."

त्यानंतर बऱ्याच वेळाने गाडी आली. नागपूरची भाड्याची गाडी होती, काचा चिखलाने भरलेल्या. आधी लीला उतरली, मग क्लेअर, मग निशांत. त्याचे केस बारीक कापलेले होते. अंगणातली माणसे बाजूला झाली. निशांतने बूट काढले, मोजे काढले आणि ओसरी चढला. भागरताबाईंनी शीतपेटीचे झाकण उघडायला सांगितले आणि आम्ही सगळे खाली उतरलो. घरचे तेवढे वर राहिले.

बाईंना घाटावर नेले तेव्हा पाऊस थांबला होता. पुलापासून काठाकाठाने, त्या रोज चालत त्याच वाटेने नेले. पुढे निशांत होता. घाटावर शेवटचे दर्शन घ्यायला रांग लागली, तीत मीही होतो. बाईंच्या डाव्या कानामागे भुजलीचा कोंब होता.

बपेऱ्यातली भुजली आतल्या खोलीत, अंधारातच होती. कानामागची हिरवी होती.